कोंबड्यांचं गाणं

आप्पांबद्दल लिहायचं तर खरं म्हणजे कुजबुजतच लिहायला हवं. मोठ्यानं बोललेलं त्यांना चालत नसे. ते स्वतः बँकेत, दवाखान्यात, चावडीवर, सगळीकडे हळूच बोलत. भांडतानासुद्धा. एकदा बांधावरून शेजाऱ्याशी त्यांचं वाजलं. शेजारी अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडत होता आणि आप्पा त्याच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटत होते. शेवटी शेजारीच वैतागला. म्हणाला, "आप्पा, जरा नीट शिव्या तरी द्या की! मला ऐकूच येईना."

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे. रस्त्याच्या कडेलाच आप्पांची अंड्यांची पोल्ट्री होती. आमच्या भागात पोल्ट्र्या पुष्कळ आहेत, पण बाकीचे पोल्ट्रीवाले चांगले खणखणीत बोलतात. आप्पांचे पक्षी पिंजऱ्यात नसत, खाली पसरलेल्या भाताच्या तुसावर मोकळे असत. (पोल्ट्रीवाले कोंबडीला कोंबडी म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात.) मोकळे पक्षी दचकले की एका कोपऱ्यात धावतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि खालचे गुदमरून मरतात. भांडं पडलं, कुणी शिंकलं, ट्रकचा हॉर्न वाजला, एवढ्यावरही हे होऊ शकतं. त्यामुळे आप्पांचं सगळं आयुष्यच कुणी दचकू नये या एका गोष्टीभोवती उभं होतं.

शेडमध्ये जाण्याआधी ते दारावर टकटक करत. पक्ष्यांना आधी कळावं म्हणून. ती सवय इतकी हाडात गेली होती की ते स्वतःच्या घरात शिरतानाही टकटक करत, आणि मारुतीच्या देवळात शिरतानाही चौकटीवर बोटं वाजवत. पक्ष्यांना नवा रंग दिसला तरी ते बिथरतात, म्हणून आप्पांचे सगळे शर्ट खाकी. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शेडसाठी एक मातकट साडी वेगळी काढून ठेवली होती. ती विरली तेव्हा त्याच रंगाची दुसरी शोधायला आप्पा त्यांना घेऊन दौंडपर्यंत गेले होते. काकी ही गोष्ट सगळ्यांना सांगत. "लोकाच्या बायकांना पैठणी मिळती. मला मातीचा रंग मिळाला, तो बी कोंबड्यांनी पसंत केल्याला."

मी त्या घराची कुणी नाही. आमचं घर रस्त्यापलीकडे, दोन खोल्यांचं. वडील रांजणगावच्या कंपनीत पाळीवर जातात, आई कांदा निवडायला जाते. घरात दोन धाकटे भाऊ आणि एक टीव्ही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे अभ्यासाला जागा लागते हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी रस्त्याच्या दिव्याखाली वही घेऊन बसलेली आप्पांनी एकदा पाहिली आणि शेडला लागून असलेली खाद्याची खोली उघडून दिली. पोत्यांमध्ये एक टेबल होतं. भिंतीला जाळीची खिडकी होती, आणि खिडकीपलीकडे पक्षी.

"हितं बसायचं. दोन अटी," आप्पा कुजबुजले. "शिंक आली तर भायेर पळायचं. आन् ही लाल वढणी घरी ठिवून यायची."

माझं नाव त्यांना नक्की माहीत होतं, पण ते मला 'कॉलेज'च म्हणत. "काय गं कॉलेज, चहा पिणार का?" असं. पहिल्यांदा मला संकोच वाटायचा. नंतर त्या हाकेचा थोडा अभिमानच वाटायला लागला.

त्या खोलीत बसलं की जाळीतून एक आवाज येत राहायचा. एक पुरुषाचा खर्जातला आवाज, मागे तंबोऱ्याचं न थांबणारं गुंजन, आणि बाकी काही नाही. तबला नाही, पेटी नाही, शब्दसुद्धा नाहीत. तो माणूस एक सूर धरायचा आणि त्याच्यापाशीच बसून राहायचा. मग हळूच शेजारच्या सुराकडे जायचा, तिथं जरा टेकायचा आणि परत यायचा. मला वाटलं, गाणाऱ्याची अजून तयारी चाललीये. मी वाट बघितली. मग मी अभ्यासाला लागले, आणि अभ्यास संपला तरी त्याची तयारी संपली नव्हती.

"आप्पा, गाणं कधी सुरू होणार?" मी विचारलं.

आप्पांचा चेहरा जरा पडला. म्हणाले, "चालूच हाय की."

पुढे मला कळलं की पोल्ट्रीत येणारा प्रत्येक माणूस हाच प्रश्न विचारतो. खाद्याची गाडी घेऊन येणारा ड्रायव्हर, अंडी न्यायला येणारा व्यापारी, लस द्यायला येणारे डॉक्टर, सगळे. प्रत्येक वेळी आप्पांचा चेहरा तेवढाच पडायचा आणि उत्तर तेच यायचं. गावात त्याला 'कोंबड्यांचं गाणं' म्हणत. टपरीवरची पोरं म्हणायची, "आप्पाच्या शेडमधी कुणाच्या तरी पोटात दुखतंय."

हे गाणं त्या शेडमध्ये आलं तेही मोठ्या मुश्किलीनं. डॉक्टरांनी आप्पांना सांगितलं होतं, शेडमध्ये दिवसभर काहीतरी वाजत ठेवा, म्हणजे पक्ष्यांना आवाजाची सवय होईल. आप्पांनी रेडिओ लावला. गाणी ठीक चालायची, पण मधेच जाहिरातीत कुणीतरी किंचाळायचं आणि शेडमध्ये गोंधळ उडायचा. मग भजन लावलं, तर टाळ वाजले की पक्षी उडायचे. लावणी लावून पाहिली. ढोलकीच्या पहिल्याच थापेला निम्मी शेड कोपऱ्यात गेली. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत.

दौंडला स्टेशनजवळ एक मोबाइलचं दुकान होतं. तिथं मेमरी कार्डात गाणी भरून मिळत. आप्पांनी त्या दुकानदाराला विचारलं, "ज्यात ढोलकी न्हाई, टाळ न्हाई, आन् मधीच कुणी वरडत न्हाई, असं काय हाय का?"

दुकानदार म्हणाला, "आप्पा, असं गाणं नसतं."

मग त्याला काहीतरी आठवलं. रेल्वेतल्या एका साहेबांनी एक कार्ड भरून घेतलं होतं. त्यांची बदली झाली आणि ते न्यायला आलेच नाहीत. ड्रॉवरमध्ये पडलेलं ते कार्ड त्यानं आप्पांच्या हातात ठेवलं. आप्पांनी घरी येऊन ते स्पीकरला लावलं. पक्ष्यांनी माना वर केल्या, जरा वेळ ऐकलं, आणि परत खाद्याला लागले. आप्पांना तेवढी पावती पुरेशी होती.

"पयल्या साली माझं बी डोकं उठायचं," ते मला एकदा म्हणाले. "पक्ष्यांसाठी सोसलं. मग कवातरी असं व्हायला लागलं का तो गडी थांबला, का मी बी हातातलं टोपलं घिऊन थांबायचो. आता ह्यो पुढं कुठं पाय टाकतोय बघू, असं वाटायचं. आन् तो कवाच घाई करत न्हाई गं. आपल्या भागात घाई न करणारा माणूस दावून दे मला."

त्यांना ते आवडायला लागलं, आणि तिथूनच त्यांचं दुःख सुरू झालं. कारण आवडलेलं कुणाला तरी दाखवावंसं वाटतं. आप्पांची एकच इच्छा होती. घरातल्या नाहीतर गावातल्या एका तरी माणसानं आपल्या शेजारी बसून ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकावं, आणि मधे विचारू नये की गाणं कधी सुरू होणार. एवढंच. ते सगळ्यांना आग्रह करत. खाद्याच्या ड्रायव्हरला चहा पाजून बसवत. तो चहा संपेपर्यंत बसायचा. डॉक्टर मोबाइलमध्ये बघत बसायचे. मी मनापासून प्रयत्न केला. एकदा त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले, डोळे मिटले, आणि जाग आली तेव्हा आप्पा माझ्या अंगावर रिकामं पोतं पांघरत होते.

"झोपलीस तरी चालंल," ते म्हणाले. "पक्षी बी झोपत्यात."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "आप्पा, मला कळत नाही यातलं काही."

"तुला कॉलेजातलं सगळं पयल्या दिवशी कळलं व्हतं का?"

"नाही."

"मग? तरी बसतीस ना वर्गात?"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. पहिलं वर्षभर अर्थशास्त्राच्या तासाला मी नुसती बसायचे. सर काय बोलतात ते कळत नव्हतं, आणि विचारायची भीती वाटायची. उठून जाता येत नव्हतं म्हणून बसायचे. मग एके दिवशी एक वाक्य कळलं. आणि मग त्याच्या पुढचं.

त्या गाण्याला काय म्हणतात हे आप्पांना माहीत नव्हतं. कार्डावर नुसते आकडे होते. मी ते मोबाइलमध्ये घेऊन कॉलेजात आमच्या मराठीच्या मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, हे ध्रुपद आहे, आणि हा त्यातला आलाप. आमच्या पोल्ट्रीत ध्रुपद वाजतंय, या गोष्टीनं त्या इतक्या खूश झाल्या की पुढच्या तासाला त्यांनी ते सगळ्या वर्गाला सांगितलं. मी धावत येऊन आप्पांना नाव सांगितलं. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं.

"चांगलं हाय नाव. पर नाव कळून काय फरक पडला? माझ्या एका तरी पक्ष्याला नाव हाय का?"

मग म्हणाले, "मी त्याला नांगरट म्हणतो. लोकांना वाटतं पेरणी म्हंजीच शेती. हा गडी पयली सगळी नांगरट करतो, मग ढेकळं फोडतो, मग कुळवाची पाळी घालतो. आन् लोक बांधावरनं विचारत्यात, काय वो, पेरणी कवा?"

या सगळ्यात काकी कुठे होत्या? काकी या गाण्याच्या सर्वांत मोठ्या शत्रू होत्या. त्यांचं स्वयंपाकघर शेडच्या समोरच, आणि खिडकी थेट स्पीकरकडे. "सकाळी सकाळी कुणाला खोकला झालाय?" असं म्हणत त्या चुलीला जाळ घालायच्या. पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्यात एक माणूस कायम आजारी आसतो. दिसत न्हाई, निस्ता कण्हतो." आप्पा त्यांना ऐकायला बोलवायचे तेव्हा त्या म्हणायच्या, "बसाय येळ कुणाला हाय? तुमच्या त्या गड्याला म्हणावं, भाकऱ्या थापाय ये."

मात्र एक गोष्ट मी पाहिली होती, आणि तेव्हा ती नुसती गंमत वाटली होती. काकी घड्याळ बघत नसत. तो आवाज खर्जात घुमत असेपर्यंत त्या पीठ मळायच्या. तो मधल्या सुरांत आला की तवा ठेवायच्या. "आता वर चढंल," असं म्हणत चहाचं आधण ठेवायच्या, आणि तो खरोखरच वर चढायचा.

मग त्यांच्या मुलीचं, ताईचं, लग्न ठरलं. मुलगा केडगावचा. व्याह्यांचं गुऱ्हाळ होतं. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा. बैठकीत सगळं ठरत आलं आणि आप्पा हळूच म्हणाले, "लग्नात आपल्याला एक गाणारा बोलवायचाय."

"बोलवा की! आर्केस्ट्रा का?" व्याही गरजले.

आप्पांनी सांगितलं. ताईनं कपाळावर हात मारला. "आप्पा, माझ्या लग्नात कोंबड्यांचं गाणं?"

त्यांनी मात्र कधी नव्हे तो हट्ट धरला. घरी बसून कुणी ऐकत नाही, पण लग्नाला आलेला माणूस अक्षता पडेपर्यंत उठत नाही, हा त्यांचा हिशेब होता. शेवटी तोड निघाली. परण्याला, म्हणजे नवरदेवाच्या वरातीला, डीजे, व्याह्यांच्या मनासारखा. आणि मुहूर्ताआधी, नवरदेव मारुतीला जाऊन येईपर्यंत, कार्यालयात आप्पांचं गाणं. मॅडमच्या ओळखीनं पुण्याचा एक तरुण गायक यायला तयार झाला. तंबोरा गोधडीत गुंडाळून, एका शिष्येला बरोबर घेऊन तो आला. कोंबड्यांची गोष्ट त्याला आधीच सांगितली होती. तो आप्पांच्या पाया पडला, तेव्हा आप्पा इतके गोंधळले की तेही वाकले आणि दोघांची डोकी आपटली.

आता आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. कार्यालयात शिरतानाच प्रत्येकाच्या हातावर अक्षता ठेवतात. मंगलाष्टकं सुरू झाली की दर 'सावधान'ला त्या थोड्या थोड्या टाकायच्या. शेवटची अक्षता पडली की दारातला बँड वाजायला लागतो, फटाके लागतात, आणि मंडळी जेवणाकडे वळतात. मागच्या रांगांना स्टेज कधीच दिसत नाही. पुढे फोटोवाले असतात. मागचे लोक पुढच्यांचे हात बघून अक्षता टाकतात.

गायक बसला. तंबोरा सुरू झाला. आप्पा पहिल्या रांगेत, डोक्याला गुलाबी फेटा, मांडीवर हात. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. एवढं मोठं कार्यालय गच्च भरलेलं आणि कुणी उठत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गायकानं खर्जातून सुरुवात केली. बराच वेळ एका सुराभोवती फिरून तो एका जागी येऊन थांबला. नुसता तंबोरा घुमत राहिला. पुढच्या रांगेत आप्पांची एक म्हातारी आत्या बसली होती, डोळ्यांनी अधू. तो थांबा ऐकून तिनं भक्तिभावानं मूठभर अक्षता गायकाच्या अंगावर टाकल्या. तिचं बघून तिच्या शेजारणीनं टाकल्या. मग दुसऱ्या रांगेनं. मग सगळ्यांनी.

गायकानं डोळे उघडले, परत मिटले आणि पुढे गेला. पुढच्या थांब्याला सगळं कार्यालय तयारीत होतं. अक्षतांचा पाऊस पडला.

"लय संथ म्हणतोय म्हाराज," माझ्या मागचा माणूस म्हणाला.

"पुण्यावरनं आणलाय म्हनं."

"नवरी दिसंना कुठं."

"आंतरपाटामागं आसंल की. तू टाक अक्षता."

मी उठून सांगायला हवं होतं, पण इतक्या लोकांत मोठ्यानं बोलायचं धाडस मला झालं नाही, आणि झालं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. आप्पा उभे राहून दोन्ही हात हलवत होते. कुजबुजत काहीतरी सांगत होते. लोकांना वाटलं, मुलीचा बाप आहे, भारावलाय.

मग गायक हळूहळू वर चढला. अगदी वरच्या सुरावर जाऊन त्यानं तो सूर धरून ठेवला. मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "सावधान!" राहिलेल्या सगळ्या अक्षता एकदम उडाल्या. दारातल्या बँडवाल्यांचं लक्ष अक्षतांवरच असतं. त्यांनी ढोल बडवला. बाहेर फटाक्यांची माळ लागली. खुर्च्या सरकल्या आणि अर्धं कार्यालय जेवणाच्या पंगतीकडे निघालं. त्या गर्दीत काकी स्टेजच्या पायरीवर चढून, शालूचा पदर खोचून ओरडत होत्या, "आरं थांबा की! अजून त्यो खाली उतरायचाय!" पण त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही नीटसं गेलं नाही.

नवरदेव घोड्यावरून उतरून दारात आला, तेव्हा त्याचे सख्खे मामा जिलेबी खात होते.

लग्न लागलं. अक्षता मात्र उरल्या नव्हत्या. काकींनी गायकाच्या भोवती पडलेल्या अक्षता पदरात गोळा केल्या, त्याच सगळ्यांना वाटल्या, आणि ताईचं लग्न त्या अक्षतांनी लागलं. गायक बिचारा गुणी. केसांतले तांदूळ झटकत म्हणाला, "इतके आशीर्वाद मला कुठल्याच मैफलीत मिळाले नव्हते." त्याची शिष्या केसांतली पिन काढून तंबोऱ्याच्या तारेखाली अडकलेला एक दाणा काढत होती.

पण व्याह्यांनी जाताना सगळ्यांसमोर म्हटलं, "आप्पा, तुमच्या कोंबड्यांनी आमचं लगीन खाल्लं बघा." लोक हसले. वाईट हेतूनं नाही. तरी हसले. आप्पा फेटा हातात घेऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी खाद्याच्या खोलीत बसले, तर पलीकडे काही वाजत नव्हतं. आप्पांनी स्पीकर काढून माळ्यावर टाकला होता. मी विचारलं, तर म्हणाले, "आता काय, सवय झाली पक्ष्यांना. लागत न्हाई." हे ते मोठ्यानं बोलले. साध्या, चारचौघांसारख्या आवाजात. मी दचकले. इतक्या दिवसांत मी त्यांचा खरा आवाज कधी ऐकलाच नव्हता. पुढे ते दारावर टकटक करायचेही विसरायला लागले. पक्षी उडायचे, आणि आप्पा नुसते बघत राहायचे.

मला वाटलं होतं, शांततेत अभ्यास चांगला होईल. पण मी एकच पान परत परत वाचत होते. कान जाळीकडे लागलेले असायचे. एखाद्या ओळखीच्या जागी कुणीतरी पाय टाकेल आणि मग मी पुढची ओळ वाचेन, असं वाटायचं. ती जागा यायचीच नाही. आपल्याला एखादी गोष्ट आवडायला लागली हे कुणी येऊन सांगत नाही. मला तरी ते ती बंद झाल्यावर कळलं. मला अजून त्या गाण्यातलं फारसं कळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण तो आवाज नसताना ती खोली परकी वाटायची, एवढं खरं.

समोरच्या स्वयंपाकघरातून करपल्याचा वास यायला लागला. भाकरी करपायची, चहा उतू जायचा. आप्पा करपलेली भाकरी तशीच खायचे. एकदा मीच म्हटलं, "काकी, घड्याळ लावून घ्या की भिंतीला."

काकी तव्यावरची काळी भाकरी उलटत म्हणाल्या, "घड्याळात काय वर-खाली हुतं का?"

मांडव परतायला, म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, ताई यायची होती त्या दिवशी दुपारी आप्पा अंड्यांचे ट्रे गाडीवर चढवायला रस्त्यावर गेले होते. काकी शेडकडे आल्या. पाहुणे येणार म्हणून नेसलेली चांगली साडी त्यांनी बदलली होती. अंगावर तीच मातकट साडी होती. त्यांनी मला माळ्यावर चढायला लावलं, स्पीकर खाली घेतला, पदरानं पुसला. कार्ड त्यांच्या कनवटीलाच होतं. ते त्यांनी कधी काढून घेतलं होतं कोण जाणे.

"लाव," त्या कुजबुजल्या. काकींना कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तंबोरा सुरू झाला. शेडभर फिरणारे पक्षी जागच्या जागी थांबले, माना वर केल्या, आणि मग एकेक करून तुसात बसायला लागले. काकी एका पोत्यावर बसल्या. मी शेजारच्या. तो आवाज आला, खर्जातला, ओळखीचा. काकींचे हात मांडीवर होते आणि बोटं हलत होती, पीठ मळताना हलतात तशी. मधेच त्या पुटपुटल्या, "आता वळंल." तो वळला. मग मला लग्नातली ती पायरी आठवली, पदर खोचून ओरडणाऱ्या काकी आठवल्या, आणि त्या काय ओरडत होत्या ते मला आत्ता ऐकू आलं. त्या एवढ्या मोठ्या कार्यालयात गाणं अजून संपलेलं नाही हे फक्त त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात व्याही ताईला घेऊन आले. घरात कुणी नाही म्हणून शोधत शोधत ते शेडच्या दारात आले. जरा वेळ उभे राहून ऐकलं. मग त्यांच्या परीनं हळू, तरी मोठ्यानंच म्हणाले, "काय वो इहीणबाई, गाणं कवा सुरू व्हायचं?"

काकींनी मान वळवली नाही.

"चालूच हाय की," त्या म्हणाल्या. "बसा, पाव्हणं."

व्याही बसले. एवढा मोठा माणूस, पण पोत्यावर गुमान बसला. ताई दाराला टेकून उभी राहिली. शेडच्या रस्त्याकडच्या जाळीतून मला बाहेर खाकी शर्टाचा एक तुकडा दिसला. आप्पा रस्त्यावरून परत आले होते. हातात रिकामे ट्रे होते. ते तिथंच भिंतीला लागून उभे होते, आत येत नव्हते. ट्रे खाली ठेवतही नव्हते.

आवाज वर चढला. वरच्या सुरावर थांबला. व्याही उठायला गेले, काकींनी नुसता हात आडवा केला. ते परत बसले. मग तो आवाज एकेक पायरी खाली उतरला, जिथून निघाला होता तिथं आला, आणि विरला. तंबोरा तेवढा उरला. मग तोही थांबला.

या वेळी व्याही उठले नाहीत. पक्षीसुद्धा तुसात बसून होते.

मग दारावर टकटक झालं, आणि बाहेरून आप्पांचा आवाज आला, पक्ष्यांनाही जेमतेम ऐकू जाईल इतका हळू.

"येऊ का आत?"